चाळीस हजारांच्या दस्ताला नाव काय?

वाचकांचे प्रश्न, दस्तलेखकाची उत्तरं

(उत्तरं देणारे ३७ वर्षं तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर टेबल मांडून दस्त लिहीत होते. प्रश्नकर्त्यांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत. पत्रं जागेअभावी थोडक्यात घेतली आहेत.)

प्रश्न : माझं वय ७३. वरूड तालुक्यात १६ एकर संत्रा, ९ एकर कोरडवाहू आणि तालुक्याच्या गावी रोडला लागून ६ गाळे भाड्याने दिलेले आहेत. देवाच्या दयेने कमी नाही. मोठा मुलगा घरीच असतो, शेती बघतो. लहाना नागपूरला. त्याने आधी मोबाइलचं दुकान टाकलं, मग टाइल्सचं. दोन्ही बसली, माझे १९ लाख गेले. आता गाड्या धुण्याचं सेंटर टाकायचं म्हणतो, १२ लाख मागतो. मुलगी यवतमाळला दिली, ती काही मागत नाही. मोठ्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, २९ वर्षांचा. पाच वर्षांपासून पुण्यात एमपीएससी करतो. त्याला दर महिन्याच्या ५ तारखेला ४० हजार पाठवतो. आता हात थांबतो. आमच्याकडे पाणी तोडून झाडाला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही, मग पोरांना कसा येईल? पुतण्या म्हणतो, अमेरिकेतला तो शेअरवाला बफे एवढा श्रीमंत, पण पोरांना छदाम देत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, घरच्यांसाठी काही ठेवलं नाही. सौ. म्हणते पैसे बंद करू नका. ज्याच्याकडे आहे त्याने सज्ञान पोरं-नातवंडं पोसत बसावं का?

उत्तर : रामराम भाऊसाहेब.

तुमचं पूर्ण पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसते आकडे बघितले, धंद्याची सवय. दुसऱ्यांदा कोणाला किती ओळी दिल्या ते मोजलं. लहान्याला अर्धं पान, नातवाला अर्धं पान, संत्र्याच्या ताणाला सहा ओळी. मोठ्या मुलाला एक ओळ : 'घरीच असतो, शेती बघतो.' त्या ओळीकडे मी नंतर येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आधी ताणाचं. तुम्ही बागायतदार, मी टेबलावरचा माणूस. पण माझ्या सासऱ्यांची तीनशे झाडं होती, त्यामुळे थोडंफार कळतं. आंबिया बहारासाठी पाणी तोडतात ते थंडीत, तोडा झाल्यावर. झाडावर फळ लटकलेलं असताना ताण देणारा कास्तकार मी पाहिला नाही. हलक्या जमिनीत थोडे दिवस, काळ्या भारी जमिनीत जास्त, आणि पानं किती मलूल झाली ते रोज जाऊन बघावं लागतं. ताण कधी तोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा कधी सोडायचं, याचा अंदाज ताण देतानाच बांधलेला असतो. तो चुकला की बहार राहतो बाजूला, झाडावर नुसती सल, म्हणजे वाळक्या काड्या, वाढते. सासरे पानं दुपारी बघायचे नाहीत, पहाटे बघायचे. दुपारी म्हणे सगळीच झाडं रडतात.

तुम्ही नातवाला जो ताण द्यायचा म्हणता, त्याची तोडायची तारीख कोणती? पत्रात नाही. एका ५ तारखेला पैसे आले नाहीत आणि फोनवर आजोबा काही बोलले नाहीत, तर पुण्यात नवी पेठेतल्या खोलीत बसलेल्या पोराने काय समजायचं? खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची जागा, सगळं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं. आणि तारीख तुम्ही नाही ठरवली तर सरकारने ठरवून ठेवलीच आहे. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे सरकारच्या हिशेबाने तो अजून नऊ वर्षं तरी बसू शकतो.

आता बफेंचं. पुतण्याने अर्धीच गोष्ट सांगितली. वॉरन बफे १९८६ साली एका मासिकात जे बोलले त्याचा मतलब असा, की पोरांना इतकं द्यावं की त्यांना काहीही करून बघता यावं, इतकं देऊ नये की काहीच न करता बसता यावं. देऊ नये असं ते म्हणाले नाहीत. पुढे २००६ साली संपत्ती दान करायचं जाहीर केलं तेव्हा तिन्ही मुलांच्या धर्मादाय संस्थांनाही त्यांनी मोठा वाटा दिला. पण मला त्यांची आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. त्यांच्या हॉवर्ड नावाच्या मुलाला शेती करायची होती. बापाने नेब्रास्का राज्यात शेत विकत घेतलं आणि पोराला मक्त्याने दिलं. फुकट नाही. आणि मक्ता ठरवला पोराच्या वजनावर. वजन वाढलं की बापाचा हिस्सा वाढायचा, उतरलं की कमी व्हायचा. आपल्याकडे हा करार लिहायला कोणी आलं असतं तर मी आधी त्यांना चहा पाजला असता, मग विचारलं असतं, वजन कोणाच्या काट्यावर? पण बघा, एवढा मोठा माणूस पोराला शेत देतो तरी मक्ता म्हणून देतो. दिलंय काय आणि कोणत्या नावाने, हे दोघांनाही ठाऊक.

गाडगेबाबांचं नाव मात्र यात आणू नका, माफ करा. बाबांनी घरच्यांसाठी ठेवलं नाही तसं स्वतःसाठीही ठेवलं नाही. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि खराटा. तुमच्या अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलं आहे.

कायदा विचाराल तर तो सोपा आहे. सज्ञान, धडधाकट मुलाला पोसायची सक्ती बापावर नाही, नातवाची तर नाहीच. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्यात पोटगीचा हक्क अज्ञान मुलांना आहे, आणि स्वतःचं भागवता न येणाऱ्या अविवाहित मुलीला आहे. वडिलोपार्जित जमिनीतला जन्मसिद्ध हिस्सा ही वेगळी गोष्ट. तो तुम्ही 'देत' नाही, तो त्यांचाच असतो, मुलीचाही. आणि द्यायचं ठरवलं तर सरकार आडवं येत नाही. बाप-आजोबाकडून सज्ञान मुलाला-नातवाला आलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही, रक्कम कितीही असो. शेती किंवा राहतं घर मुला-नातवाला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. तेव्हा सरकार देऊ नका म्हणत नाही आणि द्या असंही म्हणत नाही. तुमची अडचण घरची आहे.

माझ्या टेबलावर कोणताही कागद आला की मी पहिली ओळ विचारायचो. दस्ताचं नाव काय? खरेदीखत, बक्षीसपत्र, मक्तापत्र, वाटणीपत्र, उसनवार पावती. नाव ठरलं की पुढचा मजकूर आपोआप येतो. नाव ठरत नाही तिथं समजावं की दोन पार्ट्यांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या ४० हजारांच्या दस्ताला नाव काय, भाऊसाहेब? दान, कर्ज, शिष्यवृत्ती की हिस्सा? तुम्ही एक समजता, नातू दुसरं समजत असेल, आणि त्याचा बाप तिसरंच.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०११ साली माझ्या पोराने दुधाचा धंदा काढला. सहा म्हशी. साडेतीन लाख मी दिले. दोन लाख पोस्टातले, दीड लाख सौभाग्यवतीच्या एकदाणीचे आणि पाटल्यांचे. देताना काहीच बोललो नाही, बाप काय बोलणार? सरकीच्या ढेपेचा भाव चढत गेला, दुधाचा जागच्या जागी राहिला, चौदा महिन्यांत म्हशी विकल्या. पुढे चार वर्षं पोरगा दिवाळीला यायचा, ओसरीत मोबाइल घेऊन बसायचा, जेवायचा, निघायचा. मला वाटायचं त्याला लाज नाही. त्याला वाटायचं मी मनात आकडा धरून बसलो आहे. दोघांचंही थोडं खरं होतं. एका भाऊबीजेला सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला बेसन लागलेलं, आणि म्हणाली, "तुमी त्याले पैसे देल्ले का उसने देल्ले, हे एकदाचं सांगून टाका. तो दर सणाले गुन्हेगारावानी बसते."

जगाचे दस्त लिहिले, घरचा राहून गेला होता. त्याच दिवशी साध्या वहीच्या कागदावर लिहिलं : दोन लाख बापाकडून, बक्षीस, परत करणे नाही. दीड लाख आईकडून, उसने, जमेल तसे. दोघांच्या सह्या. तो कागद कोर्टात टिकला नसता, मला माहीत आहे. पोराने आईचे पैसे पावणेतीन वर्षांत फेडले, कधी दोन हजार, कधी पाच. एकदाणी पहिल्यासारखी झाली नाही, सोनाराने मणी लहान केले. त्या रात्री पोरगा दोन भाकरी जास्त जेवला असं सौ. म्हणते. मी मोजल्या नव्हत्या.

तर लहान्याच्या १२ लाखांचं. आधीचे १९ लाख तुमच्या डोक्यात आहेत, त्याच्याही आहेत, आणि दोघांनी ते कधी तोंडावर आणले नसतील. आधी त्या १९ लाखांना नाव द्या. 'गेले, मागणार नाही' म्हणायचं तर तसं म्हणा, आणि मग खरंच मागू नका, लग्नकार्यात टोमणाही नको. की ते त्याच्या हिश्श्यात धरणार? तर तसं लिहा आणि भावाला-बहिणीला दाखवा. नव्या १२ लाखांबद्दल माझं मत विचाराल तर रोख देऊ नका. सहा गाळ्यांपैकी एक द्या, भाड्याने. बाजारभावाच्या निम्मं ठेवा, पण भाडं ठेवा, आणि ते तुमच्या खात्यात यायला पाहिजे. नागपूरच पाहिजे असं तो म्हणाला तर निम्मी रक्कम त्याने बँकेकडून उभी करावी. बँकेचा साहेब जे प्रश्न विचारतो ते बापाला विचारता येत नाहीत. उरलेले तुम्ही उसने दिले तर बँकेतून द्या, पावती करा, आणि लक्षात ठेवा, उसनवारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. त्याच्या आत थोडी फेड किंवा लेखी कबुली घेतली तरच ती पुढे सरकते. पोरावर दावा कोण लावतो, म्हणाल. नाही लावत. पण तीन वर्षांनी एकदा तरी दोघं समोरासमोर बसतात.

आता ती एक ओळ. 'मोठा मुलगा घरीच असतो, शेती बघतो.'

भाऊसाहेब, पाडव्याला तुम्ही सालदाराचं साल ठरवता. पैसे किती, धान्य किती, चपला-कपडे किती, सगळं बोलून. आता तर सालदाराचं साल लाखाच्या वर गेलं आहे आणि तरी माणूस मिळत नाही. तुमच्या मोठ्याचं साल कधी ठरलं? २९ वर्षांचा मुलगा असलेला माणूस म्हणजे तो पन्नाशीचा असणार. बोअरला पाणी लागत नाही तेव्हा रात्री मोटरीवर तोच जातो. डिंक्या लागला की खोडाला पेस्ट तोच लावतो. व्यापाऱ्याशी बगीच्याचा सौदा होतो तेव्हा झाडाझाडाखाली फिरून फळाचा अंदाज तोच सांगतो, आणि इसार तुमच्या हातात पडतो, चुकारा तुमच्या खात्यात जमा होतो. मी तुमच्या घरी आलेलो नाही, चूक असेल तर कळवा. पण अशी घरं माझ्या टेबलासमोरच्या बाकावर किती बसली याची गणती नाही. बाप बोलतो, लहाना बोलतो, जावई बोलतो. मोठा बाहेर गाडीजवळ उभा असतो, त्याला फक्त सहीला बोलावतात.

४० हजार गुणिले १२ म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. १६ एकर संत्रा बघणाऱ्या कारभाऱ्याला एवढा पगार तुम्ही बाहेरचा माणूस ठेवला असता तर दिला असता की नाही? मला वाटतं द्यावा लागला असता, शिवाय संत्री चोरीला गेली असती ती वेगळी. म्हणजे हा पैसा नातवाला दान नाही. मोठ्याची मजुरी तुम्ही त्याच्या हातात न देता परस्पर पुण्याला पाठवता. त्यामुळे होतं काय, नातवाला वाटतं आजोबांचे उपकार, मोठ्याला वाटतं बापाचे उपकार, आणि तुम्हाला वाटतं मी सगळ्यांना पोसतो. तुम्ही विचारलं, सज्ञान पोरं पोसावी का. माझ्या हिशेबाने तुमचं घर एक सज्ञान पोरगाच पोसतो आहे.

येत्या ५ तारखेला ते ४० हजार मोठ्याच्या खात्यात टाका. 'तुझ्या कामाचे' एवढेच शब्द बोला, भाषण नको. मग पुण्याला किती पाठवायचे, किती महिने पाठवायचे, ताण द्यायचा की पाणी सोडायचं, हे बापाने ठरवू दे. तो पहाटे पानं बघणारा माणूस आहे. तुमच्या सुनेला पहिल्या महिन्यात काय वाटलं, ते जमलं तर कळवा.

आणि एक. हे सगळं करताना वैतागून 'घ्या रे सगळं, मला मोकळं करा' असं करू नका. आठ एकरवाले एक कास्तकार माझ्याकडे दोन्ही पोरांच्या नावे बक्षीसपत्र करायला आले होते. मी म्हटलं, दोन एकर आपल्या नावावर राहू द्या. म्हणाले, "पोरं माहीच हायेत ना? का लोकाची हायेत?" आत मशीन त्यांचा अंगठा घेईना. उभ्या जन्माच्या कामाने रेषाच राहिल्या नव्हत्या. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, मग ओला केला, मग पुन्हा पुसला. चौथ्यांदा लागला. दोनेक वर्षांनी बसस्टँडवरच्या पानठेल्याजवळ भेटले. ठेलेवाला पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वीस रुपये हायेत का? खर्रा घ्याचा हाय. घरी मांगतलं तं सून हिसोब इच्यारते."

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात यावर इलाज आहे. सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर कलम २३ खाली तो दस्त रद्द करून मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. मुलांकडून निर्वाहाचा खर्चही मागता येतो, महिना १० हजारांपर्यंत. पण दस्तात अट लिहिलेली नसेल तर दम निघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात अट असायलाच हवी असं म्हटलं, जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे लावावा असं म्हटलं. तुम्ही न्यायाधीशांच्या उदारपणावर कशाला राहता? अट लिहा, दोन ओळी लागतात. त्या कास्तकाराच्या दस्तात मी ती लिहिली नव्हती. त्यांनी लिहू दिली नाही हे खरं, पण मीही फार ताणून धरलं नाही, त्या दिवशी बाहेर अजून सहा माणसं बसली होती.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, हिंगणघाट तालुका. आमची जिनिंग आहे. हंगामात सकाळी सातपासून रात्री गाड्या रिकाम्या होईपर्यंत मी तिथंच असतो. मला पगार नाही, बाबांच्या खात्याचं कार्ड दिलंय, लागेल तेवढं काढ म्हणतात. पण मी पेट्रोल कुठं टाकलं, बायकोला कोणत्या हॉटेलात नेलं, सगळं बाबांना मेसेजने कळतं. संध्याकाळी विचारतात. मित्र म्हणतात, ऐश आहे लेका. बायको म्हणते वेगळं होऊ. असे पैसे घेणं चूक आहे का?

उत्तर : बाळा, पैसे घेणं चूक नाही, कार्ड घेणं चूक आहे.

तुझ्या जिनिंगमध्ये गाडी खाली करणाऱ्या हमालाचा दर तुला पाठ असेल. मुनीमजींचा पगार माहीत असेल, सरकी काढणारा रेचा चालवणाऱ्याचाही. मालकाच्या पोराचा दर काय? नाही. दर नसलेल्या मजुराला सुट्टी मागता येत नाही आणि मालकाला हिशेबही मागता येत नाही. 'लागेल तेवढं काढ' हे प्रेमाने म्हटलेलं असतं यात शंका नाही. पण लागेल तेवढं म्हणजे किती, हे संध्याकाळी ओट्यावर ठरतं, म्हणून तुझा जीव घुसमटतो.

हंगाम संपू दे. कापसाच्या गाड्या लागलेल्या असताना बापाशी असलं काही बोलू नको, त्यांनाही बीपी आहे असं तू लिहिलंस. उन्हाळ्यात गंजीवर ताडपत्री टाकून झाली की एक दिवस कार्ड त्यांच्या हातात परत दे आणि सांग, बाबा, मुनीमजींना देता तसा मलाही पगार द्या, खात्यात. आकडा तू सांगू नको, त्यांना सांगू दे. कमी सांगितला तरी पहिलं वर्ष घे. सीए साहेबांना विचारलंस तर ते खूशच होतील, कारण खरंच काम करणाऱ्या घरच्या माणसाला कामाच्या मानाने वाजवी पगार दिला तर तो धंद्याच्या खर्चात धरता येतो. बाबांना प्रेमाची भाषा कळली नाही तरी ही कळेल.

वेगळं होण्याचं सहा महिने बोलू नका. माझ्या टेबलावर वेगळं व्हायला आलेल्या जोडप्यांपैकी बऱ्याच जणांना वेगळं घर नको असायचं, वेगळं पाकीट पाहिजे असायचं. आणि बायकोला हॉटेलात ने. पगाराच्या पैशाने नेलंस तर बाबा विचारतील तरी उत्तर देताना तुझी मान खाली जाणार नाही.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातली, वय ४४. वडिलांनी भावाला घर बांधायला ९ लाख दिले, भाच्याच्या इंजिनिअरिंगचा खर्चही तेच करतात. मला म्हणतात, तुझं लग्नातच झालं. मला राग नाही. पण आता दिवाळीला आली की हक्कसोडपत्रावर सही करून जा म्हणतात. जमीन आजोबांपासूनची आहे. करू का?

उत्तर : ताई, लग्नाच्या खर्चाने हिस्सा फिटत नाही. आजोबांपासूनची वडिलोपार्जित जमीन असेल तर त्यात तुमचा हक्क भावाइतकाच, जन्मापासून. कायद्यातली ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असले-नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. वडिलांच्या स्वकष्टाचे ९ लाख त्यांनी भावाला दिले, त्यावर तुमचं काही चालत नाही. ते त्यांचे होते. जमीन वेगळी. तेव्हा सही मागतात ती कशावर आहे ते आधी बघा.

सही करू नका असं मी म्हणणार नाही. माहेर टिकावं म्हणून विचार करून सही करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत आणि त्या मूर्ख नव्हत्या. एवढंच सांगतो, हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की सहजासहजी परत फिरत नाही. म्हणून कागद दोन दिवस आधी मागा आणि स्वतः वाचा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हक्कसोडपत्रांची गर्दी असायची. एकदा एक ताई आल्या, नवी ओवाळणीची साडी नेसलेल्या. भाऊ म्हणाला, "कर सही, गाडी लागली हाय." त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि दस्त पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. गट नंबर, चतुःसीमा, सगळं, बोट ठेवून. भावाने दोनदा चहा सांगितला, दोन्ही निवले. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "वावर घे. इहिरीतला हिस्सा राहू दे, माह्या नावानं."

दस्त पुन्हा लिहावा लागला. दुसऱ्यांदाची लिहिणावळ भावाने दिली.